परदुःख आणि कर्मविचार

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास मराठवाड्याच्या दक्षिण भागात भूकंप झाला. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा होता. गणेशविसर्जन आटोपून गावे उशिरा निजली होती. लातूर जिल्ह्यातील किल्लारी व मंगरूळ, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर व पेठसांगवी, आणि त्यांच्या भोवतीची अनेक गावे काही क्षणांत दगडमातीचे ढीग होऊन राहिली. शासकीय गणनेप्रमाणेच सुमारे ८,००० माणसे मृत्यू पावली. इतर अंदाज याहून अधिकाचे आहेत. पुढे ५२ गावे जुनी जागा सोडून नव्या ठिकाणी वसवावी लागली.

अशा प्रसंगी वाचलेला माणूस एक प्रश्न विचारतो. माझ्या लेकरांनी असे कोणते पाप केले होते, हा तो प्रश्न. तो सरकारी अधिकाऱ्याला हे विचारत नाही; अन्नाची पाकिटे घेऊन आलेल्या तरुणालाही विचारत नाही. ज्याने शास्त्र पढले आहे, जो घरदार सोडून ईश्वराच्या मार्गाला लागला आहे, त्यालाच तो विचारतो. एरवी दारी भिक्षेला येणारा भिक्षू त्या दिवशी ढिगाऱ्यापाशी येऊन उभा राहिला, तर तेथे बसलेली माता त्याच्याकडे पाहून हेच विचारील. त्या वेळी त्याने काय बोलावे, आणि बोलण्याआधी काय करावे, हा केवळ व्यवहाराचा प्रश्न नव्हे. पढलेले ज्ञान अंगी उतरले आहे की नाही, याची ती कसोटी होय.

या विषयी साधकांमध्ये साधारणतः तीन पक्ष आढळतात. पहिला पक्ष म्हणतो की, दुःख हे कर्माचे फळ आहे. भोगल्याशिवाय ते सरत नाही. तेव्हा दुसऱ्याच्या भोगात हात घालण्याचा अधिकार कोणाला? दुसरा पक्ष म्हणतो की, कर्माचे काही असो, ज्याने संसाराचा त्याग केला त्याने पुन्हा गावाच्या कामात पडणे हे व्रताला बाधक आहे. तिसरा पक्ष याच्या अगदी उलट टोकाचा. तो म्हणतो, आपद्ग्रस्तांची सेवा हीच खरी भक्ती, तिच्यानेच मोक्ष, मग नामस्मरण, अटन, विजन यांचे प्रयोजन काय? तिन्ही पक्षांना आपल्या मागे शास्त्र उभे आहे असे वाटते. म्हणून एकेकाचा क्रमाने विचार करणे अवश्य आहे.

पहिला पक्ष : भोग चुकत नाही

जीवाला प्राप्त होणारे सुखदुःख हे त्याच्या कर्माचे फळ होय, हा सिद्धान्त आहे आणि त्याविषयी या ठिकाणी वाद नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परांहून भिन्न आहेत. कर्मफळाची व्यवस्था देवतांकडे आहे. परमेश्वर हा जीवाचा उद्धार इच्छिणारा, केवळ कृपाळू असा आहे. हे सारे मान्य करूनही एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सिद्धान्त खरा असणे वेगळे आणि त्याचा विनियोग कोणी, कोणाविषयी, कोणत्या वेळी करावा हे वेगळे. वैद्याच्या बटव्यातील मात्रा खरी असते. परंतु ज्याला नाडी कळत नाही त्याने ती भलत्याला चाटविली, तर ती मात्राच घात करते.

कर्मविचार सांगितला गेला तो जीवाने आपल्या स्वतःच्या दुःखाकडे पाहावे म्हणून. आपल्यावर प्रसंग आला असता दुसऱ्याला दोष देऊ नये, वैर धरू नये, खचून जाऊ नये, आणि पुढील कर्म तरी शुद्ध करावे, यासाठी तो विचार आहे. तो भोगणाऱ्याच्या हातातील दिवा होय. पाहणाऱ्याने तोच दिवा उचलून भोगणाऱ्याच्या तोंडापुढे धरला, तर त्याने उजेड पडत नाही. डोळे मात्र दिपतात. शिवाय पाहणाऱ्याला समोरच्याच्या कर्माचे ज्ञान तरी कोठे असते? कोणत्या जीवाने कोणत्या जन्मी काय केले हे सर्वज्ञच जाणतो. जो अज्ञान जीव एखाद्या गावाकडे बोट दाखवून हे यांच्या पापाचे फळ असे म्हणतो, तो आपल्या नकळत सर्वज्ञाच्या आसनावर बसू पाहतो. विकार, विकल्प आणि हिंसा हे तीन दोष साधकाने टाळावयाचे असतात. निरपराध दिसणाऱ्या मृताविषयी मनात पापाची कल्पना करणे हा त्यांतला दुसरा दोष होय. आणि ती कल्पना त्याच्या आईपुढे बोलून दाखविणे हा तिसरा.

या बाबतीत मोठ्यांचीही गफलत होऊ शकते, याचे एक उदाहरण इतिहासात आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भूकंप झाला. मोंगीर आणि मुझफ्फरपूर ही शहरे उद्ध्वस्त झाली. एकट्या बिहारमध्ये ७,००० हून अधिक माणसे मेली. महात्मा गांधी त्या वेळी अस्पृश्यतानिवारणासाठी दक्षिणेत दौरा करीत होते. हा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाबद्दल झालेले ईश्वरी शासन आहे, असे त्यांनी म्हटले. रवींद्रनाथ ठाकुरांनी, गांधीजींविषयी अपार आदर असूनही, त्यास जाहीर हरकत घेतली आणि गांधीजींनी ती आपल्या ‘हरिजन’ पत्रात छापून तिला उत्तर दिले. भौतिक उत्पाताचे कारण भौतिकच असते, आणि अशा प्रकारची कारणमीमांसा विरोधकांनाही तितकीच सोयीची पडते, हे ठाकुरांच्या म्हणण्याचे सार होते. ते खरेही ठरले. कारण अस्पृश्यता टिकावी असे म्हणणाऱ्यांनी तोच भूकंप हरिजनांच्या चळवळीचे फळ म्हणून सांगितला. गांधीजींनी पाप सांगितले ते परक्याचे नव्हे, आपल्याच समाजाचे, त्यात स्वतःला धरून, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. तथापि ढिगाऱ्याखाली सापडलेल्यांत जे स्वतःच अस्पृश्य मानले जात होते त्यांनी कोणाला अस्पृश्य मानले होते, या प्रश्नाला त्या मीमांसेत उत्तर नव्हते. भूकंप एकच, परंतु त्याला कारण झालेले पाप मात्र सांगणाराच्या मताप्रमाणे बदलते. जे सांगणाराप्रमाणे बदलते ते ज्ञान नव्हे.

आणखी एक विचार आहे. किल्लारीला पृथ्वी हलली हे खरे. परंतु माणसे मेली ती बहुतांशी आपल्याच घरांखाली. त्या भागातील घरांच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या, दगडांच्या आणि चिखलात रचलेल्या. आतला थर आणि बाहेरचा थर यांना सांधणारे आरपार दगड त्यांत क्वचितच होते. वर लाकडाचे माळवद, आणि गळू नये म्हणून त्यावर वेळोवेळी माती टाकीत गेल्यामुळे वाढत गेलेला भार. उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार अशी ती घरे हलत्या जमिनीवर मात्र मृत्यूचे साधन झाली. १९९२ च्या ऑगस्टपासून काही महिने त्या परिसरात लहान लहान धक्के जाणवत होते. लोक घाबरले होते. पुढे धक्के ओसरले आणि भीतीही ओसरली. भूकंपाच्या दृष्टीने देशाचे जे नकाशे तेव्हा प्रमाण मानले जात, त्यांत हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. याचा अर्थ असा की या मृत्यूंच्या मागे जमिनीच्या पोटातील घडामोड जशी होती, तसे माणसाचे अज्ञान आणि काही अंशी दुर्लक्षही होते. कर्म हा शब्द त्या दुर्लक्षावर पांघरूण म्हणून घातला, तर पुढच्या घराचे माळवदही तसेच जड राहील, आणि पुढच्या मृत्यूंना तो शब्द वापरणारेही अंशतः कारण होतील.

या पक्षाचे अंतिम उत्तर सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या चरित्रातच आहे. पारध्यांच्या कुत्र्यांनी पाठ धरलेला ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन दडला, ही लीळा मार्गातील लहान मुलांनाही ठाऊक असते. ज्यांना त्या सशाचे पूर्वकर्म खरोखर ठाऊक होते, त्यांनी ते सांगितले नाही. त्याला आधी आसरा दिला. पारध्यांनी ससा मागितला, तो दिला नाही. आणि त्यानंतर पारध्यांनाच हिंसेविषयी बोध केला. या लीळेत दोन क्रिया आहेत, आणि त्यांचा क्रमही विचार करण्यासारखा आहे. प्रथम संकटात असलेल्याचे रक्षण; मग संकटाच्या कारणाचे निवारण. भूकंपानंतर आधी ढिगारा उपसणे आणि मग माळवदावरील माती उतरवून भिंतीत आरपार दगड घालण्यास शिकविणे, हा तोच क्रम होय.

दुसरा पक्ष : निवृत्ताला प्रपंच कशाला?

हा पक्ष पहिल्याहून अधिक गंभीर आहे, कारण तो आळसातून नव्हे, तर व्रताच्या काळजीतून उद्भवतो. भिक्षूने संग्रह करू नये, एका ठिकाणी गुंतू नये, गावाचे संबंध जोडू नयेत, अटन-विजन-भिक्षा यांनी काळ कंठावा, असा आचार आहे. मदतकार्य म्हटले की निधी आला, कोठार आले, समित्या आल्या, कचेऱ्यांत खेटे आले, वृत्तपत्रात छायाचित्र आले. ज्याने आपले घर सोडले तो शंभर घरे बांधण्याच्या खटपटीत पडला, तर सुटले काय आणि धरले काय, ही शंका योग्यच आहे.

हीच शंका दुसऱ्या एका संन्यासी परंपरेतही उपस्थित झाली होती. १८९७ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला असता श्रीरामकृष्णांचे शिष्य स्वामी अखंडानंद मुर्शिदाबाद जिल्ह्यातून परिव्राजक म्हणून चालले होते. भुकेली माणसे पाहून त्यांचे पाऊल पुढे पडेना. महुला या गावी ते थांबले आणि मे महिन्यात त्यांनी तेथे अन्नदान सुरू केले. पुढे त्याच भागात सारगाछी येथे अनाथ मुलांसाठी आश्रम काढला व आयुष्याचा मोठा भाग तेथेच घालविला. संन्याशाने असे करणे गुरूच्या शिकवणुकीशी जुळते काय, असा प्रश्न स्वामी विवेकानंदांना त्यांच्याच गुरुबंधूंनी केला होता. परंपरा भिन्न, तत्त्वज्ञान भिन्न. तेव्हा त्यांचे उत्तर या मार्गाचे उत्तर होऊ शकत नाही. परंतु प्रश्न मात्र एकच आहे, आणि तो ज्याला पडतच नाही त्याचे वैराग्य तपासून पाहण्यासारखे आहे.

निःसंग या शब्दाचा अर्थ नीट लावला पाहिजे. संग नसणे म्हणजे संवेदना नसणे नव्हे. दगडालाही संग नसतो. म्हणून त्याला कोणी विरक्त म्हणत नाही. संग म्हणजे हे माझे असा आग्रह. माझे घर, माझे कूळ, माझी जात, माझे नाव, माझ्यामुळे झाले ही भावना. दुसऱ्याच्या वेदनेने हृदय हलणे हा संग नव्हे. ती हललेली वेदना आपल्या नावावर जमा करणे हा संग होय. या दृष्टीने पाहता आपत्तीच्या ठिकाणी सर्वांत उपयुक्त माणूस निःसंगच ठरतो. त्याला स्वतःचे घर शोधावयाचे नसते, नातेवाइकांकडे आधी धावावयाचे नसते, प्रेताची जात पाहावयाची नसते, पुढच्या निवडणुकीत मत मागावयाचे नसते. श्रीगोविंदप्रभू रुद्धिपुरी गावाने दूर ठेवलेल्यांच्या घरीही सहज जात-येत, आणि त्या गावाला ते आईबापासारखे वाटत. कोणाशीही नाते नसल्यामुळेच सर्वांशी नाते असू शकते, हे त्या चरित्रात दिसते.

तेव्हा दुसऱ्या पक्षाला उत्तर असे की, भिक्षूने जावे. परंतु भिक्षू म्हणूनच जावे. त्याने हातापायांनी जे करता येते ते करावे. माती उपसावी, जखमीला पाणी द्यावे, प्रेताला खांदा द्यावा, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्याजवळ रात्री बसावे. ज्या गावात चूलच पेटलेली नाही तेथे झोळी पुढे करू नये. आणि आपद्ग्रस्तांसाठी शिजलेल्या अन्नाच्या पंगतीत आपला भार घालू नये. निधी, कोठार व हिशेब यांचे काम वासनिक गृहस्थांनी सांभाळावे. हे कमी-जास्तपणाचे नव्हे, अधिकारभेदाचे वाटप आहे. भिक्षूच्या हाती पैसा आला की व्रत ढळते. गृहस्थ केवळ हात जोडून बसला की त्याचेही कर्तव्य ढळते.

तिसरा पक्ष : सेवा हेच साधन

आता तिसरा पक्ष. आज तो सर्वांत लोकप्रिय आहे. मानवसेवा हीच ईश्वरसेवा असे म्हणण्यास कोणास आवडत नाही? परंतु शास्त्राचा विचार करणाऱ्याने गोड वाटते म्हणून मान डोलावू नये. क्रियेचे फळ क्रियेच्या मर्यादेतच असते. अन्नदान, वस्त्रदान, गृहदान यांचे फळ कितीही मोठे धरले तरी ते नाशवंत. मोक्ष हा परमेश्वराच्या ज्ञान-भक्तीनेच, त्याच्या कृपेनेच आहे. तेव्हा भूकंपग्रस्तांची सेवा हे मोक्षाचे साधन आहे, असे या मार्गात म्हणता येत नाही.

मग ती करावी का, असा प्रश्न येथे साहजिकच येतो. आणि या साऱ्या विवेचनाचे मर्म याच प्रश्नात आहे. सेवेने मोक्ष मिळत नसेल तर ती का करावी, असे विचारणारा मनुष्य नकळत एक गोष्ट कबूल करून बसतो. समोरच्याच्या दुःखाकडे तो आपल्याला त्यातून काय मिळेल या दृष्टीने पाहतो. पुण्य मिळेल म्हणून दिलेली भाकरी भुकेल्याच्या पोटात जाते हे खरे. परंतु देणाराच्या लेखी तो भुकेला म्हणजे पुण्य साठविण्याची एक पेटी असते. पेटीत टाकणारा पेटीकडे कशाला पाहील?

येथून मागे वळून पाहिले असता तिन्ही पक्षांतील दोष एकच आहे असे दिसते. पहिला पक्ष दुसऱ्याच्या दुःखाचा उपयोग आपल्या सिद्धान्ताचे प्रमाण म्हणून करतो. दुसरा त्याच दुःखाला आपल्या व्रतातील अडथळा समजतो. तिसरा त्याला आपल्या मोक्षाची पायरी करतो. तिघांच्याही विचारात केंद्रस्थानी आपण स्वतः आहोत. ढिगाऱ्यापाशी बसलेली माता कोठेच नाही. परदुःख हे कोणाच्याही सिद्धान्ताचे प्रमाण नव्हे, कोणाच्याही व्रताचे विघ्न नव्हे आणि कोणाच्याही साधनेचे साधन नव्हे. ते तिचे दुःख आहे. तिचे म्हणून त्याच्याकडे पाहता येणे याला दया म्हणतात. ज्याला यातून काही मिळवावयाचे नाही, तोच तसे पाहू शकतो; आणि सेवेने मोक्ष मिळत नाही हे ज्याला पक्के ठाऊक आहे, त्याला ती केवळ दयेसाठी करण्याची मोकळीक असते. सिद्धान्त येथे सेवेच्या आड येत नाही. उलट तो सेवेतील लोभ काढून टाकतो.

आणि न करणाऱ्याला मोकळीक नाही ती अहिंसेमुळे. हाताशी पाणी असता तहानेल्याला ते न देणे, ही मारण्याची क्रिया नसली तरी तिचा परिणाम तोच आहे. अहिंसा म्हणजे केवळ हात आवरणे नव्हे. प्रसंगी हात पुढे करणे हेही तिच्यातच येते.

देण्यातील हिंसा

परंतु हात पुढे करण्यानेच काम संपत नाही. देण्यातही हिंसा होऊ शकते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने तमिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त केला. त्यानंतर नागपट्टिनमच्या बाजूला देशभरातून जुन्या कपड्यांच्या राशी येऊन पडल्या. कित्येक कपडे तेथील लोक वापरीत नाहीत असे होते, कित्येक फाटके होते. रस्त्याच्या कडेला त्यांचे ढीग पडून राहिले. ज्यांची होडी आणि जाळी गेली होती, ज्यांनी आजवर समुद्रातून कष्टाने मिळविलेले खाल्ले होते, त्यांच्यापुढे घरातील अडगळ टाकून देणारा आपण दान केले म्हणून समाधान पावला. जे आपल्याला नको झाले ते दुसऱ्याला देणे हे दान नव्हे, घर झाडणे होय. आपत्तीच्या ठिकाणी नुसते पाहावयास जाणारे आणि रडणाऱ्यांची छायाचित्रे काढणारे लोकही याच वर्गात येतात.

दृष्टान्तपाठात जन्मांध आणि हत्ती यांचा दृष्टान्त आहे. ज्याच्या हाताला जो अवयव लागला तोच हत्ती असे त्याला वाटले. किल्लारीच्या पुनर्वसनात काही अंशी असेच झाले. घर गेले हे देणाऱ्यांच्या हाताला लागले. म्हणून घरे दिली गेली. नवी गावे शहराच्या वसाहतींप्रमाणे सरळ रस्त्यांवर, मोकळी-मोकळी आखली गेली. परंतु खेड्यातले घर म्हणजे चार भिंती नव्हेत. त्यात गुरांची जागा असते, धान्याची जागा असते, बायकांनी दुपारी बसावयाचा ओटा असतो, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर शेजार असतो. शेत दूर राहिले, शेजार दूर गेला, तर घर पक्के असूनही गाव कच्चे राहते. देणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता. त्यांनी दिलेल्या छपरांखाली हजारो माणसे सुरक्षित झोपली, हे विसरून चालणार नाही. उणीव इतकीच की, घ्यावयाचे ज्याला त्याला अनेक ठिकाणी आधी विचारले गेले नाही.

त्याच आपत्तीत विचारून केलेल्या कामाचेही उदाहरण आहे. ज्या गावांचे स्थलांतर झाले नाही, तेथील तडे गेलेली घरे दुरुस्त व मजबूत करण्याचा मोठा कार्यक्रम शासनाने घेतला. त्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. गवंड्याचे काम कसे तपासावे, माळवदाचा भार का कमी करावा, भिंतीभोवती काँक्रीटचा पट्टा कशासाठी, हे त्या बायका आधी शिकल्या व मग घरोघर सांगू लागल्या. मदत घेणाराच मदतीचा कर्ता झाला की देण्यातील हिंसा नाहीशी होते. भूकंपाने उघड्यावर पडलेल्या सुमारे १,२०० मुलांना भारतीय जैन संघटनेने पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. हे काम आठवड्याचे नव्हते. मूल वाढावयास जितकी वर्षे लागतात तितक्या वर्षांचे होते. दयेची परीक्षा पहिल्या दिवशी होत नाही. पहिल्या दिवशी सर्वच धावतात. वृत्तपत्रांतून गावाचे नाव नाहीसे झाल्यानंतर जो त्या वाटेने जातो, त्याच्या ठिकाणी दया टिकली असे म्हणावे.

हिशेबाची गोष्टही दयेतच येते. बिहारच्या भूकंपानंतर राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखाली जे मदतकार्य झाले, त्याच्या निधीचा हिशेब जे. सी. कुमारप्पा यांनी इतका काटेकोर ठेवला की, खुद्द गांधीजींबरोबर आलेल्या मंडळींचा खर्चही त्यांनी निधीवर पडू दिला नाही. आपद्ग्रस्तांसाठी आलेला पैसा कोणाच्याही प्रतिष्ठेपेक्षा पवित्र आहे, असा त्याचा अर्थ. ज्या आश्रमात वा मंडळात अशा निधीची पेटी ठेवली जाईल, तेथे तिचा हिशेब दारावर लावण्याची तयारी असावी. ती नसेल तर पेटी ठेवू नये.

नाव न उरणाऱ्या दानाचे एक उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. १९७२-७३ च्या दुष्काळात लक्षावधी शेतकरी व मजूर खडी फोडण्याच्या आणि बंधाऱ्यांच्या कामावर होते. १९७३ च्या उन्हाळ्यात ही संख्या ५० लाखांच्या जवळ गेली होती. त्यांना भीक नव्हे, काम हवे होते. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून जी रोजगार हमी योजना आली, तिचा कायदा १९७७ साली होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि काम मागणे हा माणसाचा हक्क ठरला. तिच्या खर्चासाठी १९७५ पासून पगारदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसविण्यात आला. मुंबईतील कारकुनाच्या पगारातून कापलेले चार रुपये कोणत्या तालुक्यातील कोणाच्या चुलीपर्यंत पोहोचले, हे त्या कारकुनालाही कळत नव्हते आणि त्या मजुरालाही. देणारा गर्वाने फुगला नाही, घेणारा उपकाराने वाकला नाही. अंमलबजावणीत पुष्कळ दोष राहिले असतील. तथापि उजव्या हाताचे डाव्याला न कळू देणारे दान कायद्याच्या रूपानेही असू शकते, हे तिने दाखविले.

त्या प्रश्नाचे उत्तर

अखेरीस आरंभीच्या प्रश्नाकडे वळले पाहिजे. ढिगाऱ्यापाशी बसलेल्या मातेने विचारले, माझ्या लेकरांनी कोणते पाप केले होते? भिक्षूने काय उत्तर द्यावे?

त्याने कर्माचा सिद्धान्त सांगू नये. तो खोटा आहे म्हणून नव्हे. त्या क्षणी तो सांगण्याचा अधिकार सांगणाराला नाही आणि ऐकण्याचे बळ तिच्यात नाही म्हणून. तुझी लेकरे देवाने आवडली म्हणून नेली, असेही सांगू नये. कृपाळू परमेश्वराच्या माथी मृत्यू मारणारे ते सांत्वन मार्गाच्या विचाराला धरून नाही. मला ठाऊक नाही, एवढे म्हणता आले तर म्हणावे. शास्त्र पढलेल्या माणसाला हे तीन शब्द उच्चारणे सर्वांत अवघड जाते. परंतु त्या ठिकाणी ते सर्वांत सत्य आहेत. नंतर तिच्या शेजारी बसावे. ती बोलेल ते ऐकावे. ती उठेल तेव्हा तिच्याबरोबर ढिगाऱ्याला हात लावावा.

कदाचित वर्षानंतर, कदाचित दहा वर्षांनंतर, तीच माता आश्रमाच्या दारी येईल आणि हाच प्रश्न निराळ्या स्वरात विचारील. तेव्हा तिला राग नसेल, जाणून घेण्याची इच्छा असेल. त्या दिवशी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर यांचा विचार तिला अवश्य सांगावा, सविस्तर सांगावा. ती ऐकेल, कारण पहिल्या दिवशी सांगणाराने तिच्या दुःखाला आपल्या ज्ञानाचा विषय केले नव्हते, हे तिच्या ध्यानात राहिलेले असेल.